मोनॅको राहिलंय

सुशीलकाका फ्रान्सचा समुद्र फिरून आले, आणि शनिवारी दुपारी इथे न्यूझीलंडमधल्या पोरिरुआतले आम्ही सगळे मराठी लोक फोटो बघायला त्यांच्या हॉलमध्ये कोंबले गेलो. "नाइस नाही, नीस म्हणायचं," हे त्यांनी दारातच प्रत्येकाला ऐकवलं. मग नवा डिजिटल कॅमेरा टीव्हीला जोडला. नीसचा किनारा, त्यावर काका. शेजारचं आँतीब, तिथे पोहायच्या चड्डीतले काका. पलीकडचं माँतों, तिथे नवा गॉगल आणि काका. समुद्रही होता, पण कायम काकांच्या पोटामागे.

"उत्तरे, शाळा तर सोडलीस, आता जग तरी बघ," काका मला म्हणाले. सगळे हसले.

मागच्या खुर्चीत काकांचे वडील बसले होते, मांडीवर झोपलेली नात. मागच्या दिवाळीत नात सांभाळायला त्यांना नाशिकहून आणलंय. ते हळूच म्हणाले, "सुशील, समुद्र इथून किती लांब रे?"

"बाबा, विमानाने दीड दिवस!" काका खो खो हसले.

"तिथला नाही रे. इथला."

इथला समुद्र त्यांच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर आहे. मी नातीला उचलून काकूकडे दिलं आणि आमच्या गाडीची किल्ली घेतली. "चला आजोबा."

आम्ही गाडीत बसलो तोवर काका दारात येऊन ओरडायला लागले, "अहो बाबा, थांबा की, अजून मोनॅको राहिलंय!"

आजोबा म्हणाले, "पोरी, काच वर घे."