जेलमधला बुडबुडा

तपासनीसाने गाडीच्या काचेवर काळं कापड टाकलं. दिवे लागले नाहीत.

ताई एक पाऊल पुढे आल्या. काचा बदलण्याच्या या धंद्यात त्यांचे केस पिकले होते आणि गेली सहा वर्षं वर्कशॉप त्यांच्याच हाताखाली होतं. शेजारी फिटर हात मागे बांधून उभा होता. दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर खूप, म्हणून सगळे त्याला मुनी म्हणत.

"अंधार केला की दिवे आपोआप लागायला हवेत," तपासनीस म्हणाला. "बरोबर?"

"बरोबर," ताई म्हणाल्या.

महिन्यापूर्वी या गाडीची पुढची काच इथेच बदलली होती. गेल्या आठवड्यात दिवेलागणीला ती दिव्यांशिवाय धावत होती आणि वळणावर एका सायकलवाल्याला धडकली. त्याचा पाय मोडला. मालकाचं म्हणणं एकच, दिव्यांचं काम मी गाडीवर सोडलेलं असतं, ते लागलेच नाहीत. पोलिसांनी गाडी जागच्या जागी सील करून तशीच ओढत या वर्कशॉपमध्ये आणवली आणि विमा कंपनीने हा तपासनीस धाडला.

आतल्या आरशामागे काचेला काड्यापेटीएवढा सेन्सर चिकटवलेला असतो. पाऊस आला की वायपर, अंधारलं की दिवे, दोन्ही तोच चालू करतो. काच बदलली की त्याला जेलच्या पारदर्शक चकतीवर पुन्हा बसवावं लागतं. चकतीखाली हवेचा बुडबुडा राहिला की सेन्सर फसलाच म्हणायचा.

तपासनीसाने त्या कामाचं जॉबकार्ड उघडलं. "सेन्सर कोणी बसवला?"

"माझंच नाव आहे त्यावर," मुनी म्हणाला.

"किती वर्षं करताय हे काम?"

"अकरा."

"आणि अकरा वर्षांत एकदाही बुडबुडा राहिला नाही?"

मुनीच्या आधी ताईच बोलल्या, "याच्या हातून बुडबुडा? डोळे झाकून सांगते, शक्य नाही. चकती दाबताना हा श्वाससुद्धा घेत नाही."

"आपल्या माणसाची बाजू तुम्ही घेणारच."

"घेणारच. त्याचं घर या हातांवर चालतं."

"चूक बसवणाऱ्याची निघाली तर गुन्हा दाखल होईल," तपासनीस शांतपणे म्हणाला. "नोकरीचं तर सोडूनच द्या." त्याने बाहेरून काचेवर टॉर्च मारला, मान वाकडी करून बघितलं. "काचेच्या काळ्या पट्ट्यातून नीट दिसत नाही. सेन्सर उतरवावा लागेल."

तपासणी होणार हे कळल्यापासून तीन रात्री ताईंच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"साहेब, उतरवण्याआधी मला काही सांगायचंय."

"बोला."

तेवढ्यात मुनी खाकरला. "साहेब, दिव्यांचं बटण बघता का? स्टिअरिंगच्या डाव्या हाताचं."

तपासनीसाने त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं, मग दार उघडून आत वाकला. बराच वेळ तो वर आला नाही.

"हे बंदवर आहे," तो शेवटी म्हणाला. "ऑटोवर नाहीच."

सील त्याने स्वतः सकाळी तोडलं होतं. अपघातापासून आत कोणाचा हात लागायचा प्रश्नच नव्हता. त्याने मालकाला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

मालक म्हणाला, "त्या दुपारी गाडी धुवायला दिली होती. आतूनही पुसून घेतली. तिथे फिरलं असणार. मी... मी बघितलंच नाही हो."

बटण ऑटोवर आलं. काळं कापड पुन्हा पडलं आणि समोरच्या भिंतीवर दोन पिवळे गोल उमटले. कापड काढलं, गोल गेले. बाटलीतून काचेवर चार थेंब उडवले, वायपर एकदा फिरून बसला. जोरात पाणी मारलं, तो झपाझप चालू लागला. तपासनीसाने हे दहा वेळा केलं. मग त्याने सेन्सर उतरवून जेल भिंगाखाली धरलं.

"एकही बुडबुडा नाही. काम चोख आहे," तो म्हणाला आणि अहवालावर सही ठोकली. जाताना दारात थांबला. "सायकलवाला बराय. महिन्याभराने प्लास्टर निघेल. भरपाई कंपनी देईल."

तो गेला आणि ताई मटकन स्टुलावर बसल्या. त्यांना हसू येत होतं. मुनीने पाण्याचा ग्लास आणून दिला. त्यांनी तो एका घोटात रिकामा केला.

"मी त्याला सांगणार होते," त्या म्हणाल्या.

"कळलं. म्हणून तर तोंड उघडलं."

"आणि बुडबुडा निघाला असता तर? गजाआड गेला असतास, वेड्या. तीन दिवस मूग गिळून का बसलास?"

मुनीने रिकामा ग्लास त्यांच्या हातातून घेतला आणि दिवसभराचे शब्द एकदम खर्च केले.

"ताई, त्या दिवशी बायको अडली होती. तुम्ही मला दवाखान्यात पिटाळलंत, माझा खाडा पडू नये म्हणून कार्डावर माझं नाव लिहिलंत, आणि सेन्सर तुम्ही बसवलात."