अंड्याचा नियम

अंडं फुटलं. क्रेनच्या केबिनमधून खंडागळ्यांनी खाली पसरलेला बलक पाहिला आणि आधी कोंबडीला शिवी हासडली.

नियम त्यांचाच होता. रॉकेटचा भाग उचलण्याआधी क्रेनला टांगलेलं पाच टनांचं वजन कच्च्या अंड्यावर नुसतं टेकवायचं; ज्याच्या हातून अंडं फुटेल, त्याने त्या दिवशी रॉकेटला हात लावायचा नाही. या नियमावर त्यांनी तिघांना केबिनमधून उतरवलं होतं, वर त्यांची अक्कलही काढली होती. आज निवृत्तीआधीचं त्यांचं शेवटचं रॉकेट होतं. ते बघायला बायको नवी साडी नेसून पाहुण्यांच्या खोलीत काचेपलीकडे बसली होती.

“काका, अंडंच नासकं होतं,” खालून नसीमा ओरडली. गेल्या महिन्यात उतरवलेली ती हीच. “दुसरं ठेवू का?”

खाली उभे असलेले बाकीचे कामगार छताकडे बघू लागले. खंडागळ्यांना ते लगेच पटलंही. पण हीच सबब तिने दिली असती, तर आपण तिला गेटापर्यंत हाकललं असतं, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“अंडं कसलं, माझा हातच नासका! चल, चढ वर,” म्हणत ते शिडी उतरले आणि खांबाआड जाऊन लपले.

नसीमाने दुसरं अंडं शाबूत राखलं, मग रॉकेटचा वरचा भाग उचलून अलगद जागेवर बसवला. बायको केबिनकडे बघून टाळ्या वाजवू लागली. शेवटी खंडागळे खांबाआडून निघाले, काचेसमोर उभे राहिले आणि त्यांनी केबिनमधल्या नसीमाकडे बोट दाखवलं.

बायकोने कपाळावर हात मारला. मग त्यांच्याकडे बघून दुप्पट जोरात टाळ्या पिटल्या.