झाकलेला डबा

"भावोजी, मी शैला. कुंदाची शाळेतली मैत्रीण," असं म्हणून बाईंनी हातातला झाकलेला डबा कुंदाच्या हार घातलेल्या फोटोपुढे ठेवला.

नाव ऐकताच वामनरावांना सगळं आठवलं. कुंदा दर नवरात्रात सांगायची. आठवीतल्या भोंडल्यात मुलींनी ठरवलं होतं, "शैलीची खिरापत ओळखायची नाही हं! जी ओळखेल तिच्याशी कोणी बोलायचं नाही." डब्यात काय आहे ते शैलाने कुंदाच्या कानात आधीच सांगितलं होतं. तरी भीतीने कुंदा गप्प राहिली. ओळखल्याशिवाय डबा उघडायचा नसतो. शैला तो तसाच भरलेला घरी घेऊन गेली.

"फार राग धरला मी. पन्नास वर्षं तोंड पाहिलं नाही तिचं," शैलाताई म्हणाल्या. "ती तर केव्हाच विसरली असेल."

वामनरावांनी डब्यावर हात ठेवला. कुंदाच्या जिभेवर जन्मभर अडकून राहिलेला शब्द त्यांना पाठ होता.

"वाटली डाळ," ते म्हणाले.

शैलाताईंनी डोळ्यांना पदर लावला. मग त्यांनी झाकण काढलं.