कानांची सुरी

राव्दनानं पुढची सुरी उचलली, धार उजेडाकडे केली आणि एक डोळा मिटून पात्यावरून नजर फिरवली. मग मान हलवून ती परत खोक्यात टाकली.

“नवरा निवडतानाही कुणी एवढं बघत नाही,” दुओम्मा लोहार म्हणाला.

“तो निवडला असता तर आज सुरी निवडायला आली असती का?” तिचा बाप नील्लास म्हणाला, आणि दोघे म्हातारे कॉफीचे पेले हातात धरून हसले. राव्दनाही हसली. आज तिला कशाचाच राग येणार नव्हता.

गोठलेल्या नदीकाठी वसंतातला बाजार भरला होता. शिंगाच्या मुठीच्या नक्षीदार सुऱ्या दुओम्मानं पाहुण्यांसाठी वर टांगल्या होत्या. साध्या लाकडी मुठीच्या, कामाच्या सुऱ्या खाली खोक्यात होत्या. वरच्या दाखवूच नकोस, नक्षीनं काही पाडसाचा कान कापला जात नाही, असं नील्लासनं आल्याआल्याच बजावलं होतं. सकाळी घरातून निघताना तो एवढंच म्हणाला होता की चल, कानांची सुरी घ्यायचीय. राव्दनाला तेवढं पुरे होतं. रेनडियरचा कळप ज्याच्या हाती सोपवायचा त्याला घरचा म्हातारा पाडसांच्या कानांवर घराण्याची खूण कापायची नवी सुरी देतो, आणि कायद्यानं कळप एकाच लेकराच्या नावावर होतो. पोरवयापासून बापाच्या मागे बर्फात राव्दना होती. धाकटा भाऊ इस्सात दक्षिणेला शहरात नोकरी करायचा. उन्हाळ्यात चार दिवस यायचा आणि डासांना शिव्या घालत परत जायचा.

तिनं घाई केली नाही. एक पातं दोन्ही अंगांनी फुगीर होतं. हाडं फोडायला ते नामी, पण कानात शिरताना कातडं ओढतं. कान फाटला की खूण बिघडते, आणि खूण बिघडली की पाडस कुणाचं यावरून सख्खे भाऊ वैरी होतात. दुसऱ्या एका सुरीला अगदी धारेशी आणखी एक बारीकसा उतार दिलेला होता. तशी सुरी दुकानात धारदार वाटते, पण डोंगरावर गारठलेल्या हातांनी दगडावर घासताना तिचा कोन हमखास चुकतो. राव्दनाला हवा होता पात्याच्या मध्यापासून धारेपर्यंत एकच सपाट उतार, दगडावर ठेवला की आपणहून बसणारा. तशी सुरी तिला खोक्याच्या तळाशी सापडली. पातं अरुंद, टोक बारीक. नखावर टेकवली तर घसरली नाही. मूठ तिच्या हातात अशी बसली की तिला ती सोडवेना.

“ही,” ती म्हणाली.

नील्लासनं किंमत विचारली. ती त्याला परवडणारी निघाली. मग सुरी हातात फिरवत तो म्हणाला, “मूठ जरा बारीक होईल गं. इस्सातचा पंजा मोठाय.”

दुओम्मानं पेला खाली ठेवला.

राव्दना बापाकडे नुसती बघत राहिली. तेव्हा नील्लासला बोलावं लागलं. मुलाच्या नावावर राहिलं की घराण्यात राहतं, तो म्हणाला. पोरीचं काय, उद्या लग्न करून दुसऱ्याच्या कळपात गेली तर आपण कुणाच्या तोंडाकडे बघायचं? राव्दनाच्या टोपीतून सुटलेल्या बटा पांढऱ्या होत्या.

दुओम्मानं तिच्याकडे न बघता जाड मुठीची एक सुरी काढून दिली. नील्लासला आता जवळचं नीट दिसत नसे. त्यानं ती लेकीपुढेच धरली.

“ही चालेल?”

तिनं धार उजेडाकडे केली. धारेशी दुसरा उतार होता. हो म्हटलं असतं तर आठवड्यात इस्सातनं तिची करवत करून ठेवली असती, आणि भर उन्हाळ्यात, पाडसांचे कान कापायच्या कुंपणात, सगळ्या गोतासमोर त्याची शोभा झाली असती. दुओम्मालाही ते ठाऊक होतं. तो शेजारचं धार लावायचं चाक पुसत बसला. राव्दनाला लोकांचं हसणं आत्ताच ऐकू आलं. बरं वाटलं. मग त्या हसण्याच्या खालून पाडसांचं ओरडणं ऐकू आलं.

“नाही चालणार,” ती म्हणाली. “काका, चाक फिरवा. दुसरा उतार घासून काढू. पातं मी धरते.”

ठिणग्या उडाल्या. नील्लास शेजारी उभा राहून खुशीत बघत होता.

“म्हणून तर तुला आणलं,” तो म्हणाला. “त्याला यातलं काय कळतंय? उन्हाळ्यात तू त्याच्या जवळच राहा. पाडस तू धर, कान तो कापेल.”

राव्दनानं पातं बाहीला पुसलं, नखावर टेकवून पाहिलं. आता घसरत नव्हतं. रिवाजाप्रमाणे तिनं सुरी पुढे केली, मूठ बापाकडे, पातं आपल्या मुठीत. नील्लास पाकीट शोधायला सगळे खिसे चाचपत होता. तोवर ती तशीच धरून उभी राहिली.