नेदासाठी कॅराव्हॅन

पहारीच्या एका दणक्यात कॅराव्हॅनची तळाची फळी उचकटली आणि मूठभर भुसा, दोन सुकलेले कांदे आणि कोंबडीचं एक जुनाट अंडं घरंगळत बाहेर आलं.

"घ्या! न्याहारीची सोय झाली," कुंपणापलीकडून कोल्यो ओरडला. "मिन्चो, या खुराड्यात बसून समुद्रावर जाणार तू? अरे, वेशीपर्यंत तरी पोचेल का ही?"

"तू जळ तिकडे," मिन्चो म्हणाला आणि दुसऱ्या फळीला भिडला.

गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर, ती पोलिश कॅराव्हॅन वीस वर्षं परसात पडून होती. एके काळी दर उन्हाळ्यात मिन्चो, नेदा आणि त्यांची मुलगी रोसित्सा ती घेऊन काळ्या समुद्राकाठी जायची. जिथं भाडं नाही, पाटी नाही आणि शेजारी नाही अशी जागा गाठायची, वाळूच्या कडेला मुक्काम ठोकायचा आणि पंधरा दिवस अंगावरचं मीठ धुवायचं नाही. मग पोरगी मोठी झाली. कॅराव्हॅनमध्ये आधी कांदे आले, मागाहून कोंबड्या. नेदा दर वर्षी म्हणायची, "एकदा परत जाऊ या रे." आणि हा पठ्ठ्या दर वर्षी म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की."

आता पुढच्या वर्षाचा भरवसा उरला नव्हता.

हिवाळा सरता सरता रोसित्सानं हट्टानं दोघांनाही शहरातल्या इस्पितळात नेऊन नखशिखान्त तपासून आणलं. आमच्याकडे मोठं दुखणं निघालं तर ते दुखणाइताला सांगत नाहीत, घरच्यांना बाजूला घेऊन सांगतात. डॉक्टरांनी रोसित्साला एकटीला आत बोलावलं. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिनं आईचा हात धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही.

"काय गं, काय म्हणाले?" मिन्चोनं विचारलं.

"काही नाही बाबा. सगळं छान आहे."

मिन्चो काय दुधखुळा होता? बापाला सांगायला पोरीची जीभ रेटली नाही, एवढंच.

त्यातून आठवड्याभरात नेदानं गाठोडं बांधायला घेतलं. साठी उलटली की आमच्या बायका पुरताना अंगावर घालायचे अखेरचे कपडे धुऊन, इस्त्री करून पांढऱ्या फडक्यात बांधून ठेवतात; ऐन वेळी घरच्यांची धावपळ नको. नेदा आजवर टाळत आली होती. "मला मेलीला कसली घाई?" म्हणायची. आणि आता मागच्या खोलीचं दार लावून ती इस्त्री करत बसली होती. फटीतून मिन्चोला ते पांढरं फडकं दिसलं. हिला कळलंय तर! तो परसात गेला, कोंबड्यांच्या देखत पोटभर रडला आणि पहार घेऊन आला.

तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. तिचे हातपाय चालताहेत तोवर तिला समुद्रावर न्यायचं. त्यानं तळाला नवं प्लायवूड ठोकलं, खिडक्यांची रबरं बदलली, चाकांत ग्रीस भरलं, छताच्या भेगा बुजवल्या.

नेदा घटकाभर त्याला एकटा सोडत नव्हती. गॅसचा सिलिंडर त्यानं उचलला की ही धावत यायची.

"ठेव खाली! मी नेते."

"तू? वेड लागलं का? हो बाजूला!"

"म्हाताऱ्या, सोड म्हणते ना!"

दोघंही सोडेनात. शेवटी एकेका बाजूनं धरून, एकमेकांना शिव्या घालत आणि हसत त्यांनी तो नेला. हे हसू अजून किती दिवस ऐकायला मिळणार, असं मिन्चोच्या मनात आलं.

जेवण सारं पथ्याचं झालं होतं. बिनमिठाचं सूप, उकडलेल्या भाज्या, दारूचा थेंब नाही. तिला एकटीला ते गिळावं लागू नये म्हणून मिन्चोही निमूट खायचा. त्याची विजार सैल झाली. तक्रार मात्र नाही.

मग एके दिवशी नेदाला नवंच खूळ लागलं. "कॅराव्हॅन गाडीला जोडायची कशी, दाखव. चालवायलाही शिकव."

"तुला कशाला? मी आहे ना."

"आहेस रे. तरी मला आलं पाहिजे."

तिनं मागं घेताना आलुबुखाराचं झाड मोडलं, कुंपण पाडलं, कोल्योच्या तोंडून आपल्या सात पिढ्यांचा उद्धार ऐकला आणि तरी हट्ट सोडला नाही. तेवढंच तिचं मन रमतंय, मिन्चोला वाटलं. त्यानं प्रेमानं शिकवलं.

जूनमध्ये निघायच्या दिवशी रोसित्सा आली. तिनं बापाला घट्ट मिठी मारली. "काळजी करू नको," तो तिच्या कानात पुटपुटला, "मी तिला जपेन." ती नुसतं "हो बाबा" म्हणाली.

त्यांची जुनी जागा तशीच होती. कुणी नाही, काही नाही, नुसता समुद्र. नेदा पोरीसारखी पाण्याकडे धावली.

"ये ना रे! आणि टॉवेल आण!"

किती वर्षांनी ती अशी हाक मारत होती! मिन्चोला धन्य धन्य वाटलं. केलं, आपण वेळेत केलं! टॉवेलासाठी त्यानं कॅराव्हॅनमधल्या बाकाची फळी उचलली, तर खाली ते पांढरं गाठोडं.

बाई गं, इथंसुद्धा घेऊन आलीस? त्याला रागही आला आणि रडूही. लपवून टाकावं, असं त्यानं ठरवलं. पण त्याआधी तिनं कुठला झगा निवडलाय तेवढं बघावंसं वाटलं. निळाच असणार, त्याच्या आवडीचा. त्यानं गाठ सोडली.

आत त्याचा स्वतःचा काळा सूट होता. कडक इस्त्रीचा. विजारीची कंबर बारीक टाके घालून आत घेतलेली होती.