शेवटच्या हाराची तार

तिसऱ्या दिवशी आईची राख सावडून वडील घाटावरून परत आले आणि उंबऱ्याबाहेरच उभं राहून त्यांनी भूमिकाला हाक मारली. आईने शनवारा चौकातल्या त्यांच्या फुलांच्या दुकानात चाळीस वर्षं केळीच्या धाग्याने हार बांधले होते. भूमिका मात्र इंदूरहून पुष्परचनेचा कोर्स करून आली. परीक्षेला मॅडमनी तिच्या हारातल्या तारेचा एकेक पीळ ओढून पाहिला. एकही सुटला नाही, म्हणून तिचा पहिला नंबर आला. ते सर्टिफिकेट आईनेच गल्ल्यावर, देवांच्या फोटोशेजारी टांगलं. "बघ, देठात तार घातली की फूल मान टाकत नाही," भूमिकाने तिला दाखवलं होतं. आई हरखली. "लग्नाच्या हाराला घाल, स्टेजला घाल. पण मयताच्या हाराला नको हं बेटा. तिथं सगळं जळून जायला पाहिजे." परवा आईचा हार करताना भूमिकाला ते आठवत होतं. पण आईच्या गळ्यात कोमेजलेलं फूल तिला बघवलं नसतं, म्हणून तिने तार घातलीच. चिता रचताना तार काढून घेऊ, असं तिने ठरवलं. तिरडी उचलल्यावर काकांनी बायकांना दारातच थांबवलं, तेव्हा तारेचं सांगायचं राहूनच गेलं. आता वडिलांनी रुमाल उघडला. आत काळी पडलेली तार होती, अजून हाराएवढीच गोल. "अस्थींत गुंतली होती," ते म्हणाले. "सोडवायला वेळ लागला, बेटा." भूमिकाने तार हातात घेतली. एकही पीळ सुटला नव्हता.