मिसेस पॉलफ्रींची सहा मतं

बहीण आणि तिचा नवरा एकाच तापात गेले, आणि त्यांची आठ वर्षांची लेटी माझ्याकडे आली. मी लंडनमध्ये लोकांची धुणी धुते. घरात माझीच चार पोरं, वर हा न जाणारा खोकला. अनाथाश्रमात जागा हवी तर देणगीदारांची मतं गोळा करावी लागतात, जितकी मोठी देणगी तितकी जास्त मतं, हे मला मिसेस पॉलफ्रींनीच सांगितलं. त्यांचे कपडे मी नऊ वर्षं धुतेय.

"दारोदार फिर, डॉर्कस. लाजू नकोस," त्या म्हणाल्या. "माझी सहा मतं तर तुझीच धर."

सात महिने फिरले. लेटीचा हात धरून, चिखलातून, बर्फातून. प्रत्येक बंगल्याच्या मागच्या दाराशी तीच कहाणी सांगितली. बुटांचे तळ गेले तेव्हा आत पुठ्ठा घातला.

आज मतमोजणी झाली. लेटी पाच मतांनी पडली.

तिला घेऊन तशीच मिसेस पॉलफ्रींच्या दारात गेले. "बाईसाहेब, तुमची सहा मतं?"

"ती मी दुसऱ्या एका मुलीला दिली," हातमोजे चढवत त्या म्हणाल्या. "अगं, तिच्यासाठी फिरणारं कुणीच नव्हतं. लेटीला निदान तू तरी आहेस."

 परतताना पुलावर आल्यावर लेटीने वर माझ्याकडे पाहिलं.



"मावशी, म्हणजे तू नसतीस तर त्यांनी मला आश्रमात घेतलं असतं?"